पेशी मरायला तयार नाहीत

२ जून
करार ३० तारखेला संपतोय. फिलिपा (बॉस, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान) म्हणाली, १९ च्या मीटिंगमध्ये काहीतरी दाखव, मग मुदतवाढीचं बघू. दाखवतोच. कॅन्सरच्या पेशीला आतून सारखा 'जग, जग' असा निरोप जात असतो. माझं औषध तो अडवणार. निरोप थांबला की पेशी आपणहून मरणार. साधं आहे. तीन वर्षं साधंच आहे.

४ जून
मेल्या नाहीत. उलट वाढल्या. मेलबर्नच्या जूनमधल्या थंडीमुळे असेल. इनक्युबेटर सदतीस डिग्रीवर असतो, त्यात कसली थंडी, असं वूला म्हणाली. वूला आमची टेक्निशियन, सत्तावीस वर्षं इथंच. तिला सगळंच माहीत असतं. कंटाळा येतो.

६ जून
डोस दुप्पट. पेशी ठणठणीत. मीच सर्दीने आडवा.

९ जून
राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. अख्खं मेलबर्न फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या मॅचला, लॅबमध्ये मी एकटा. डोस दहापट. संकल्प: चिडायचं नाही.

११ जून, सकाळी ७.४०
मेल्या! औषधाच्या प्लेटमध्ये स्मशान, बिनऔषधाच्या प्लेटमध्ये जत्रा. डोळ्यांत पाणी आलं, खरंच. वूलाला दाखवलं. तिने बराच वेळ मायक्रोस्कोपमधून पाहिलं. मग म्हणे, दहापट औषध म्हणजे ते विरघळवायचं सॉल्व्हंटही दहापट. बिनऔषधाच्या प्लेटमध्ये तेवढंच घातलंस ना?
लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१२ जून
सॉल्व्हंटऐवजी पाणी घातलं होतं. तत्त्वतः फरक पडू नये.

१६ जून
वूलाच्या समाधानासाठी परत केलं. एका प्लेटमध्ये औषध आणि सॉल्व्हंट, दुसरीत नुसतं सॉल्व्हंट. परवा तिचं तोंड बंद.

१८ जून
नुसत्या सॉल्व्हंटमध्येही मेल्या. तिथे सगळ्या. औषधाच्या प्लेटमध्ये थोड्या तगल्या आहेत. तीनदा मोजल्या. वूलाने चहा आणून ठेवला. जाताना एवढंच म्हणाली, "उद्या तूच सांग. दुसऱ्याने सांगण्यापेक्षा बरं."

१९ जून
सांगितलं. फिलिपाने आलेख जवळ ओढून पाहिला.
"म्हणजे तुझ्या औषधाने कॅन्सरचा जीव वाचतोय," ती म्हणाली.
कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.
मुदतवाढ नाही. संध्याकाळी औषधाची प्लेट टाकून द्यायला गेलो, हात होईना. तीन वर्षांत माझ्या हातून एवढंच जगलं. परत इनक्युबेटरमध्ये ठेवली.