दुर्बिणीवरील झाकण काढून मिळणेबाबत

प्रति,
मा. जतन अधिकारी,
ऐतिहासिक वास्तू व उपकरणे कार्यालय.

विषय : जुन्या वेधशाळेतील मोठ्या दुर्बिणीवरील झाकण काढून मिळणेबाबत.
संदर्भ : संरक्षित वस्तूंना हात न लावण्याविषयीचा आपला आदेश.

महोदय,

मी सदर वेधशाळेत पाहुण्यांना माहिती सांगण्याच्या कामावर आहे. आपल्या कार्यालयाने घुमट दुरुस्त करून दर रविवारी संध्याकाळी वेधशाळा लोकांसाठी खुली केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

तथापि, आपल्या पाहणीच्या दिवशी दुर्बिणीच्या भिंगावर झाकण होते. दुर्बिणीसोबत तेही संरक्षित ठरून त्यावर लाखेचे सील लागले. वास्तविक हे झाकण आमच्या घरच्या दुधाच्या पातेल्याचे आहे. मूळ झाकण हरवल्यावर येथील तेव्हाच्या निरीक्षकांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते तात्पुरते आणून बसवले होते. आता फलकावर 'प्राचीन आवरण, कारागीर अज्ञात' असे लिहिले आहे. त्यावरील पोचा प्राचीन नसून तिच्याच हातून पडलेला आहे, असे आईचे म्हणणे आहे.

परिणामी लोक रांग लावून झाकणाची आतली बाजू पाहतात आणि भिडेखातर मान डोलावून पुढे सरकतात. अवकाश इतके खोल असेल असे वाटले नव्हते, असा अभिप्राय एका गृहस्थांनी दिला. मी खरे सांगू लागले की व्यवस्थापक डोळे वटारतात.

इथवर मी गप्प होते. परंतु वडिलांनी नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली, ती शनीची कडी पुन्हा पाहता यावी म्हणूनच. गेल्या रविवारी ते रांगेत उभे राहिले. डोळा लावून बराच वेळ वाकून होते. घरी येऊन म्हणाले, "जवळचं दिसतं गं, लांबचं गेलं माझं." मी झाकणाचे सांगितले, तर म्हणाले, "काहीतरीच काय! झाकण काढल्याशिवाय कोणी लोकांना बोलावतं का? एवढं मोठं कार्यालय आहे ते." तेव्हापासून ते गच्चीवरसुद्धा जात नाहीत. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांचा आपल्यावर जास्त विश्वास आहे, याचे मला फार वाईट वाटते.

सबब, झाकण काढण्याचा हुकूम व्हावा. बदली झाकण देण्यास आई तयार आहे. हवा असल्यास पोचाही पाडून देईल. हे नियमात बसत नसल्यास, दुर्बिणीतला अंधार कार्यालयाचा आहे, डोळ्यांचा नाही, एवढे तरी सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. माझे ते ऐकत नाहीत. आपले ऐकतील.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
निरीक्षकांची मुलगी
(सही)
दिनांक : सोमवार

सोबत : पातेले, पडताळणीसाठी. (काम झाल्यावर झाकणासह परत मिळावे.)