श्रीपादरावांचा गुडघा आणि आमची समुद्रकाठची सभा

डोंबिवली (पूर्व),
मंगळवार, दुपारच्या चहाची वेळ

परमपूज्य श्रीपादराव,

तुमच्या चरणी त्र्यंबकचा शिरसाष्टांग नमस्कार. जावयाने बायकोच्या भावाला साष्टांग नमस्कार घालायची पद्धत आपल्यात नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या लग्नात तुम्ही माझा कान पिळलात आणि वर सफारीचं कापड घेऊन गेलात, तेव्हापासून तुमच्याबद्दल माझ्या तोंडून बरंच काही निघालं असेल, पण 'परमपूज्य' निघालेलं नाही. तरी माणूस समुद्र पाहून आला की मन मोठं होतं. तर, तब्येत कशी आहे? नीरजावहिनींचा रक्तदाब ताळ्यावर आहे ना? आणि तुमचा गुडघा? (गुडघ्याला काहीही झालेलं नाही हे मला माहीत आहे, तरी विचारून ठेवतो. कारण पुढे येईल.) नौपाड्यात पाणी वेळेवर येत असेल. आमच्याकडेही येतं, फक्त ती वेळ पाण्याची असते, आमची नसते.

पत्र लिहायचं कारण असं, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुम्ही गणपतीतच बाहेर पडलात आणि माझा फोन तुम्ही वाजू देता. आमच्या वरच्या मजल्यावर तुमचा फ्लॅट आहे, त्यात भाडेकरू ठेवून तुम्ही ठाण्यात सुखाने राहता, तेव्हा ग्रुप सोडण्याचा मोह मी समजू शकतो. टुरिस्ट गाडीवाला राकेश उद्या ठाण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर हे पत्र आणि सुहासिनीने केलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा पाठवत आहे. वड्या वरपासून खात खात खाली जावं, एकदम तळ गाठू नये.

आता मूळ गोष्ट. आमचे विठ्ठलराव गेली कित्येक वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. गच्ची गळली विठ्ठलराव, पंप जळला विठ्ठलराव, कुणाच्या गाडीवर कावळा बसला तरी विठ्ठलराव. त्यांनी दिवाळीनंतर राजीनामा दिला आणि नवा सेक्रेटरी निवडण्यासाठी नाताळच्या सुट्टीतला रविवार मुक्रर केला, सगळे घरी असतील म्हणून. आपल्या सोसायटीत सेक्रेटरी कसा निवडतात हे तुम्हाला माहीत आहेच. मत वगैरे कुणी देत नाही. सभेत जो पहिला तोंड उघडून शहाणपणाचं काही बोलतो, त्याला सगळे मिळून म्हणतात, 'एवढं कळतंय तर तुम्हीच व्हा,' आणि टाळ्या वाजतात. विठ्ठलराव स्वतः असेच झाले होते. त्यांनी फक्त पंखा थोडा कमी करा एवढं म्हटलं होतं.

आणि माझं तुम्हाला माहीत आहे. मला गप्प बसता येत नाही. चुकीची रांग, वाकडी पाटी, उघडा नळ यांपैकी काहीही दिसलं की माझा जीव कासावीस होतो. बँकेतून निवृत्त झालो त्या दिवशी सुहासिनीने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही चहा उभ्याने प्यायलात. आता माझ्यासमोर बसून प्या. मला दुसरं काही नको." हे ती भांडताना म्हणाली असती तर मी विसरलो असतो, पण ती हळू म्हणाली. सेक्रेटरी झालो तर दिवसभर दाराची बेल वाजणार आणि तो चहा पुन्हा उभ्याने प्यावा लागणार, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून ठरवलं, की सभेच्या रविवारी डोंबिवलीतच राहायचं नाही.

ठाकुर्लीचा राकेश, ज्याची टुरिस्ट गाडी आपल्या फाटकाशी उभी असते, त्याला मी बाजूला घेऊन म्हटलं, कुठेतरी समुद्रकाठी ने, आणि बाबा रे, कुणाला सांगू नकोस. त्याच्या ओळखीचं अलिबागच्या बाजूला 'सागरसुख' नावाचं रिसॉर्ट निघालं. शेजाऱ्यांना मी सांगितलं, की श्रीपादरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आम्ही त्यांच्या उशाशी बसायला ठाण्याला चाललो. (रागावू नका. दुसऱ्या कुणाचा गुडघा इतक्या घाईत मिळेना. शिवाय ऑपरेशन यशस्वी झालं, हेही मीच सांगितलं.)

वडखळच्या पुढे गाड्यांची अशी दाटी, की पेणचे पांढरे पोह्याचे पापड घेऊन सुहासिनी गाडीच्या पुढे चालत गेली, एका बाईशी ओळख करून घेऊन परत आली, आणि गाडी तिथेच होती. रिसॉर्टवर अर्धा महाराष्ट्र उतरलेला. आमची खोली 'समुद्राकडची' होती. म्हणजे दाराचं तोंड समुद्राकडे होतं आणि मध्ये त्यांचं स्वयंपाकघर होतं. लाटांचा आवाज आणि सुरमईचा तळणीवरचा आवाज यांतला फरक मला शेवटपर्यंत कळला नाही, पण दोन्ही छान वाटायचे. स्विमिंग पूलमध्ये पाणी कमी आणि माणसं जास्त. एक काका तर पुलात उभ्या उभ्या कणीस खात होते. सुहासिनी इतकी खूश, की पहिल्याच संध्याकाळी साडीचा काठ भिजवून आली आणि भिजल्याबद्दल कुणालाही बोलली नाही.

मी मात्र ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. संध्याकाळभर उघडलंही नाही. सकाळी मागच्या अंगणात गेलो तर एका भल्यामोठ्या बंबाभोवती सगळं रिसॉर्ट बादल्या घेऊन उभं. गरम पाण्यावरून धक्काबुक्की. एका बाईंची बादली तिसऱ्याच माणसाच्या हातात आणि तो माणूस कुठलीच बादली सोडायला तयार नाही. श्रीपादराव, मी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले. पण कान कसे मिटणार? पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही, एवढं आठवतं की मी एका ओट्यावर चढलो होतो आणि आधी लहान मुलंवाले, मग ज्येष्ठ नागरिक, मग ज्यांना नुसती हौस म्हणून गरम पाणी हवं ते, अशा तीन रांगा लागल्या होत्या. मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पुलावरच्या जीवरक्षकाची शिट्टी माझ्या गळ्यात घातली.

नाश्त्याला मी इडलीची रांग वेगळी केली, पोह्यांची वेगळी, आणि 'मी नुसती चटणी घेतेय' म्हणत मध्ये घुसणाऱ्यांसाठी तिसरी. दुपारपर्यंत लोक माझ्या खोलीवर येऊन जादा उशी मागू लागले. कल्याणच्या एका कुटुंबाने तर पुढच्या वर्षीच्या बुकिंगबद्दल विचारलं. मी नाही म्हणालो नाही, तारीख लिहून घेतली. सुहासिनी खाटेवर बसून हे सगळं बघत होती आणि हसू दाबत होती. (हे हसू मला तेव्हा कौतुकाचं वाटलं.)

त्याच संध्याकाळी वाळूत घोडागाडीच्या पलीकडे एक ओळखीची पाठ दिसली. दुसऱ्या मजल्यावरचा महेंद्र, जो सासुरवाडीच्या सत्यनारायणाला नाशिकला गेला होता. त्यानेही मला पाहिलं. आम्ही दोघांनी बराच वेळ समुद्राकडे बघितलं. शेवटी तो म्हणाला, "काका, श्रीपादरावांचा गुडघा कसाय?" मी म्हटलं, समुद्राच्या हवेने उतार आहे. "आणि सत्यनारायण?" तो म्हणाला, प्रसाद छान झालेला. मग आम्ही दोघांनी भजी खाल्ली आणि एकमेकांचं गुपित ठेवायचं ठरवलं.

पण ते गुपित जेवणाच्या वेळेपर्यंतही टिकलं नाही. मोठी टोपी आणि काळा चष्मा घालून सोलकढी पिणारी बाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची सोनल निघाली, जी आजारी होती. नारळाच्या झाडामागून तिचा नवरा निघाला, जो तिची सेवा करत होता. टेबलाटेबलांवरून एकेक टोपी उतरत गेली आणि बघता बघता सगळी सोसायटी हजर. मी राकेशला धरलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही बोललेलात ना, कोणाला सांगू नको? मी नाय सांगितलं. सगळेच तसं बोललेले, मी कोणाचंच कोणाला नाय सांगितलं." एवढा शब्दाला पक्का माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही.

कळस झाला रविवारी सकाळी. पुलाच्या उथळ बाजूला नातवाचं बदकाचं रबरी कडं कमरेला अडकवून कोण तरंगत होतं? विठ्ठलराव. सभेला कुणीच आलं नाही तर आपल्यालाच पुन्हा गळ घालतील, या भीतीने तेही पळून आले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही त्यांना. आणि श्रीपादराव, माणूस मुरलेला. त्यांच्या लक्षात आलं की पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पटकन निघून जाता येत नाही. ते बदकासकट सरळ झाले आणि म्हणाले, सगळे सभासद आहेत, वारही तोच आहे, नाव इथेच ठरवू, पुढच्या रविवारी गच्चीवर रीतसर सभा घेऊन कागदावर आणू.

मग पहिलं तोंड आपलं उघडायला नको म्हणून गळ्यापर्यंत पाण्यात उभे असलेले लोक नाकापर्यंत गेले. (ते कल्याणचं कुटुंब हा हाउजीचा खेळ समजून तिकिटं मागायला आलं.) मी दात घट्ट दाबून धरले होते, एक शब्द बोललो नाही. तरी महेंद्र म्हणाला, त्र्यंबककाकांनी तोंड उघडायची गरजच काय, दोन दिवस आपण बंब बघतोय की. सोनल म्हणाली, आणि चटणीची रांग. विठ्ठलरावांचा चेहरा सूर्यफुलासारखा फुलला. टाळ्या वाजवायला हात पाण्याबाहेर येऊ लागले. माझ्या गळ्यात शिट्टी होती हो, श्रीपादराव. काय सांगणार होतो मी? मी सुहासिनीकडे बघितलं. ती काठावर पाय सोडून शहाळ्यातली मलई खात होती. एवढी एक गोष्ट तिने मागितली होती आणि तीही माझ्या हातून होत नव्हती.

सुहासिनीने चमचा खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "सभासदांपैकी इथे कोण नाहीये?" सगळ्यांनी माना फिरवून मोजदाद केली. मग एकेकाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरत गेला, तो पाहण्यासाठी तरी तुम्ही तिथे हवे होतात. अर्थात, असतात तर तो पसरला नसता. एका अत्यंत लायक, शांत आणि सर्वमान्य गृहस्थाचं नाव एकमताने पक्कं झालं. टाळ्यांनी इतकं पाणी उडालं की कल्याणकरांना वाटलं कुणाचं तरी फुल हाउस झालं. त्या गृहस्थांचं नाव लिहायला या पानावर जागा उरली नाही. नीरजावहिनींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा साष्टांग.

तुमच्या चरणांचा धूलिकण,
त्र्यंबक

ता. क. पान उलटल्यावर जागा दिसली. ते गृहस्थ तुम्ही. अभिनंदन. वड्यांच्या डब्याच्या तळाशी गच्चीची, पंपाची आणि ऑफिसची किल्ली व सोसायटीचा शिक्का आहे. पुढच्या रविवारी गच्चीवर येऊन फक्त 'हो' म्हणायचं आहे.

ता. क. २. पुलात एकाने शंका काढली होती, की नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाला हे झेपेल का. तेव्हा तुमचा गुडघा ठणठणीत असल्याचं मला सर्वांसमोर सांगावं लागलं. विठ्ठलरावांच्या सौभाग्यवती मात्र तेव्हा बाजारात होत्या. त्या संत्री घेऊन तुमच्याकडे येणार आहेत, त्यांच्यापुरतं जरा लंगडून चाला.

ता. क. ३. हे सुहासिनीला कळू देऊ नका. तुम्ही नुसती सही करा, बाकी मी बघतो. पंपाचं वेळापत्रक आणि पार्किंगचे पट्टे माझ्या डोक्यात तयार आहेत. खरं सांगायचं तर त्या बंबापाशी मला जेवढं बरं वाटलं, तेवढं निवृत्तीपासून वाटलं नव्हतं.

दादा, सा. न.
डब्याबरोबर बांधायला घेतलं तेव्हा पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. ह्यांना वाटतं मला काही कळत नाही. काल सकाळी पंप बघायला गेले तेव्हा शीळ घालत जिना उतरले. बँकेत जाताना कधी घातली नव्हती. म्हणून काम त्यांनाच करू दे. पण सेक्रेटरी तूच हो, आणि खालच्या पाटीवर तुझा फोन आणि तुझा ठाण्याचा पत्ता घाल. म्हणजे काम आमच्याकडे राहील आणि तक्रारी तुझ्याकडे येतील. भाऊबीजेला तू म्हणालास, काय हवं ते माग, आणि मी म्हटलं होतं, वेळ आली की मागीन. ही माझी ओवाळणी. आत्ता आम्ही दोघं बसून चहा पितो आहोत. मघाशी एकदा बेल वाजली होती. मी दारातूनच सांगितलं, सेक्रेटरी ठाण्याला राहतात.
तुझी सुहास