कृत्तिकेत चार चांदण्या

आबा, उद्या शाळेतल्या मुलींना सांगायचं आहे की शरदातल्या संध्याकाळी आकाशात काय पाहावं. साताऱ्यातल्या गच्चीवर टिपण काढायला बसले आणि तुम्हालाच लिहू लागले. डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन, उत्तरेकडे शर्मिष्ठेच्या पाच चांदण्या, पूर्वेला नुकत्याच वर आलेल्या कृत्तिका. सगळं तुम्ही दाखवलेलंच.

तुम्ही दिवाळीलाच तेवढे विट्याला यायचात. बाकीचं वर्ष दक्षिणेतल्या एका शहरात, तात्यांच्या गलाईच्या दुकानात, भट्टीपुढं बसून लोकांचं जुनं सोनं गाळायचात. अवसेच्या अंधारात, जेवणं झाली की मला घराच्या धाब्यावर न्यायचात. "ह्यो चौकोन बघ, कसा रिकामा हाय. दुकानातली सोन्याची धूळ झाडून न्हेल्यागत." मग कृत्तिका मोजायला लावायचात. सहा दिसल्या की म्हणायचात, "डोळं चांगलं हायत पोरीचं."

मी सातवीत असतानाची दिवाळी. थोरले म्हणून सगळे ज्यांचा शब्द मानायचे ते तात्याही धाब्यावर आलेत. मी विचारते, "आबा, आज चारच दिसत्यात न्हवं?" तुम्ही डोळे बारीक करता, पूर्वेकडे बघत राहता. "व्हय की. चारच."

"फसला! आवं, सा हायत!"

तात्या हसत नाहीत. "भट्टीनं डोळं खाल्लं व्हय रं तुजं? मग सोन्याचा रंग कसा वळखतूस?"

"आदमासानं. हात बसलाय, तात्या."

"लोकांचं सोनं आदमासानं गाळतूस, गड्या?"

तुळशीचं लग्न झाल्यावर तात्या एकटेच गेले. तुम्ही पलूसला एका द्राक्षबागेत पेट्या भरायला लागलात. मालक तुमच्याहून लहान होता, तरी त्याच्यापुढं उभे राहायचात. मला कधी बोल लावला नाहीत. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "पोरीनं लय येळेवर वळखलं, न्हाईतर कुणाचंतरी सोनं माज्या हातनं बिघडलं असतं."

ते ऐकताना मी खाली बघायची. तुम्ही असताना सांगता आलं नाही, आणि हा कागदही वहीतच राहणार आहे. आबा, ती चेष्टा नव्हती. आदल्या दिवशी आईची सुई ओवताना तुमचा दोरा तीनदा बाजूनं गेला होता आणि तुम्ही हळूच ती खाली ठेवली होती. ते मी पाहिलं होतं. तात्या धाब्यावर येईपर्यंत मी थांबले आणि मगच विचारलं. तुम्ही परत जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. तुम्ही राहिलात, तेव्हा मला आनंद झाला होता.