तमांदाच्या चुका दुरुस्त करू नका

प्रिय अमायी,

इथे झोम्बात मी धडधाकट आहे, दोन्ही वेळ जेवते. तुमचा गुडघा कसा आहे? मक्याला खत मिळालं का?

आता थोडी रागावते, ऐकून घ्या. तमांदाच्या बोलण्याचं नवं रेकॉर्डिंग ऐकून माझे मार्गदर्शक डॉक्टर न्यिरेंडा सर म्हणाले, "ही तुझी भाची आहे की रेडिओवर बातम्या देणारी बाई?"

मागे तुमचा आवाज स्पष्ट येतोय: "माद्झिनो नव्हे गं, मानो म्हण! आत्याची लाज काढशील." मग ती कुजबुजते, "आजी, आता म्हणू?"

अमायी, पुष्कळ दातांना 'मानो' म्हणायचं, हे तिला आधी नुसतं पाठ होतं. एका दाताला 'द्झिनो' म्हणतात हे कळल्यावर तिने स्वतःच्या डोक्याने पुढे अनेकवचनाचं 'मा' लावून 'माद्झिनो' केलं. मूल नवं शिकतं तेव्हा त्याचं जुनं बोलणं आधी विस्कटतं. भाषा सरळ पायऱ्या चढत वाढत नाही. व्यामिश्रतेचा सिद्धान्त म्हणतात तो हाच, आणि माझा अख्खा प्रबंध त्या विस्कटण्यावर उभा आहे. तुम्ही मला तेच इस्त्री करून पाठवता! असंच चाललं तर सर तिला अभ्यासातून वगळतील आणि माझं वर्ष वाया जाईल.

सगळं माझ्या मानासाठी करता, ते कळतं मला. पण तिला चुकू द्या. रेकॉर्डिंग चालू असेल तेव्हा स्वतःच्या तोंडात न्सिमाचा मोठा घास ठेवा. भरल्या तोंडाने बोलू नये, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय.

तुमच्यावर चिडलेली, तरी तुमचीच,
मायामिको