अंडं फुटलं की जाईन

३ मार्च
अडतिसावा दिवस. अंडी आहेत तशीच!

ही सकाळपासून टीव्हीसमोर. कुठल्याशा दूरच्या झाडावरचं घरटं, वर कॅमेरा, आणि दोन अंड्यांवर बसलेली टकली गरुडीण. टकली कसली — माझ्यापेक्षा दाट डोकं आहे तिचं, पांढरंशुभ्र. पस्तीस दिवसांत पिल्लं यायला हवी होती. आणि हिच्या हृदयाची झडप या महिन्यात बदलायलाच हवी. दोन्हींचा काय संबंध? हिने काल लावला! "अंडं फुटलं की ऑपरेशनला येते. तोवर नाव काढू नका."

५ मार्च
अजून नाही.

६ मार्च
सर्जनकडे एकटाच गेलो. "अहो, पक्ष्यासाठी थांबलाय? झडप थांबणार नाही." मान खाली घालून ऐकलं. लेक फोनवर — "बाबा, उचलून न्या सरळ!" उचलून! जिना चढताना हिला तीनदा बसावं लागतं, हट्ट मात्र ठणठणीत.

संध्याकाळी ओरडलोच. "मरायचंय का तुला?"

"हळू बोला. ती दचकेल."

हसावं की रडावं कळेना.

७ मार्च
दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

९ मार्च
कॅमेरावाल्यांनी सूचना टाकली — आता आशा नाही. गरुडीण तरी बसलीच आहे, वेडी! ही आत औषध घेत होती. मी वायर उपटली. "नेट गेलंय," म्हणालो. आता काय करू? कुणाच्या पाया पडू?

११ मार्च
केलं. ही आंघोळीला गेली तेवढ्यात वायर परत जोडून याच घरट्याचं गेल्या वर्षीचं चित्रण लावलं. कोपऱ्यातल्या तारखेवर चिकटपट्टी. "पडद्याला चरा पडलाय," सांगितलं. अंड्याला तडा गेला, चोच दिसली, ओला राखाडी गोळा बाहेर आला. हिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "बॅग भरा."

न्हाणीघरात नळ सोडून रडलो.

१२ मार्च
भरती केलं. नंतर कळलं तर तोंड बघणार नाही माझं. न बघू दे! फक्त बरी होऊ दे.

१४ मार्च
नऊला आत नेलं. नर्सने हिचा चष्मा, बांगड्या आणि मोबाइल हातात दिला. मोबाइलवर लेकीचा फोन आला, बोललो, ठेवला. मागे घरट्याचं पान उघडंच होतं. पानाच्या तळाशी घरटं बघणाऱ्यांनी लिहिलेल्या गप्पा, त्यात हिचं नाव.

२ मार्च — "परवा गारपिटीत अंडी अडीच तास उघडी होती. मी पाहिलंय. ती फुटायची नाहीत. म्हणूनच घरी तीच अट घातली. कापून घ्यायची फार भीती वाटते हो."

११ मार्च — "आज नवऱ्याने गेल्या वर्षीचं चित्रण लावलं. तेव्हा घरटं वीतभर लहान होतं, कळलं नाही बिचाऱ्याला. माझ्यासाठी एवढं खोटं आयुष्यात बोलला नव्हता. आता जाते."

दोन वाजले. दार अजून बंद आहे.