स्क्रू कुणी फिरवला

तात्या, त्या रविवारी तुम्ही गिऱ्हाइकासमोर खरं बोललात, याचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पिकले, तरी गुडगाव सोडून अरवलीच्या बाजूला गाडी वळली की तो उतार आठवतो आणि मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडायला लागते.

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालात, पण गावी परतला नाहीत. जन्मभर कॅन्टोन्मेंटच्या वर्कशॉपात लष्करी गाड्या उघडल्या, आता गावच्या ट्रॅक्टरांच्या नादी कोण लागणार, म्हणालात. गुडगावच्या टोकाला गॅरेजसाठी पत्र्याची शेड भाड्यानं घेतलीत. तेव्हा समोर मोहरीचं शेत होतं; बघता बघता तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या साहेबलोकांनी फोर-बाय-फोर जीपा घेतल्या. आठवडाभर एसीत बसायचं आणि रविवारी गाडी दगडांवर चढवायची, ही कसली हौस, असं घरी कुरकुरायचात. तेच गिऱ्हाईक दारात आलं की स्वतः खुर्ची पुसून द्यायचात. पण गिऱ्हाइकं येत होती कुठे? आईनं बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत बघा. नाही जमलं तर चला गावी, बिल्कुल हट्ट नको." मी एका सर्व्हिस सेंटरात नव्या, कॉम्प्युटरनं इंधन सोडणाऱ्या इंजेक्शनवाल्या इंजिनांचं काम शिकत होते आणि सुट्टीला तुमच्या हाताखाली असायचे. शेड जगावी असं तुमच्याइतकंच मलाही वाटत होतं, जरा जास्तच.

अशात तो तरुण पंजाबी साहेब आला. रविवारी डोंगरात जाणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या. "अंकल, चढाई पर गाड़ी दबती है. बड़ी थ्रॉटल बॉडी मँगवाई है, लगा दो. ठीक चली तो मेरे सब यार आपके पास आएँगे." इंजिनाला किती हवा मिळावी हे ठरवणारी झडप या थ्रॉटल बॉडीत असते, ती मोठी बसवली की इंजिन मोकळा श्वास घेतं. तुम्ही ती बसवलीत छानच. तोंडाशी फट राहू नये म्हणून गॅस्केट हातानं कापून घेतलंत, केबल सरळ केलीत. पण गाडी चालू केली की इंजिन थरथरायचं आणि एक्सलरेटर सोडला की बंद पडायचं. साहेब घड्याळ बघतोय. तुम्ही स्क्रूड्रायव्हर उचलता आणि झडपेला टेकलेल्या त्या बारीक स्क्रूकडे हात नेता. त्याच्यावर कारखान्यातला पिवळ्या रंगाचा ठिपका आहे.

"तात्या, तो हलवायचा नसतो. हे कार्बोरेटर नाही. थोडा वेळ चालू द्या, कॉम्प्युटर आपोआप जमवून घेईल."

"तू कालची पोरगी. तुझ्या जन्माआधीपासून मी इंजिनांचे आवाज जुळवतोय. बाजूला हो."

तेही साहेबासमोर. माझ्या कानशिलांना आग लागली. तुम्ही अर्धा फेरा दिलात, पिवळा रंग उडाला, झडप किंचित उघडीच राहिली आणि इंजिन कसं शहाण्यासारखं चालायला लागलं. कार्बोरेटरवर आयुष्य घालवलेल्या कुणाही माणसानं हेच केलं असतं, हे आज कळतं. तेव्हा मात्र, देव माझं भलं करो, पण तुम्ही तोंडावर आपटावं असंच मला वाटलं होतं.

तुमच्या वर्कशॉपचा नियम होता: ज्यानं पाना धरला त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. म्हणून तुम्ही स्टिअरिंगवर, साहेब शेजारी आणि मी मागे. जुन्या दगडखाणीच्या वरची चढण जीप अशी चढली की साहेबानं "क्या बात है अंकल!" म्हणून डॅशबोर्डवर थाप मारली. तुम्ही आरशातून माझ्याकडे पाहिलंत. माथ्यावरून गाडी वळवलीत, पहिला गिअर टाकलात आणि उतरायला लागलात.

उतारावर इंजिनानं गाडी धरून ठेवायला हवी. ती धरत नाही. मी मागून वाकून बघते: तुमचा पाय एक्सलरेटरवर नाहीच आणि तरी इंजिन गाडीला पुढे लोटतंय. गार असताना जुळवलेला स्क्रू इंजिन तापल्यावर आपला रंग दाखवत होता. तुम्ही ब्रेक दाबलात तशी चाकं जाम होऊन मुरमावर घसरली. सोडलात तर वेग वाढला. उजव्या हाताला खाणीचा तुटका कडा, त्याच्या तळाशी साचलेलं हिरवं पाणी. साहेब "अंकल, अंकल" करतोय. मी सीटचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरलाय. तुम्ही किल्ली फिरवून इंजिन बंद केलंत, गिअर तसाच ठेवलात. जीप गचके खात रखडली आणि कड्याच्या अलीकडे, एका कीकरला, म्हणजे आपल्या बाभळीला, बंपर टेकवून थांबली.

धूळ खाली बसली. मग साहेबानं विचारलं, "पार्ट ख़राब निकला क्या?"

तात्या, त्यानं स्वतःच सुटकेचं दार उघडून दिलं होतं. नुसतं "हाँ" म्हणायचं होतं. थ्रॉटल बॉडी त्यानंच मागवलेली, दोष तिच्यावर गेला असता, शेड वाचली असती. मी मागून तुमच्या मानेकडे बघत होते.

"पार्ट ठीक है," तुम्ही म्हणालात. "ग़लती मेरी है. स्क्रू मैंने घुमाया. बेटी ने मना किया था."

साहेब चांगला माणूस होता. त्यानं तुमचा हात हातात घेतला, मान हलवली. आणि परत कधी आला नाही. तो नाही म्हणून त्याचे यारही नाहीत. दिवाळीआधी शेडला कुलूप लागलं. सामान बांधताना मी ओरडले, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" तुम्ही पाने फडक्यात गुंडाळत म्हणालात, "त्यानं तसलाच दुसरा पार्ट आणला असता, बसवणाऱ्यानं पुन्हा तसाच स्क्रू फिरवला असता. तिथे कीकर असेलच असं थोडंच आहे?" गावी तुम्ही शेवटपर्यंत शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर बघत राहिलात आणि फोनवर मजेत आहे म्हणायचात. माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही.

मी इथेच राहिले. आता माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि कुणी नवा मेकॅनिक कामाला लागला की मी त्याला हा उतार सांगते, अगदी मुरमासकट. फक्त त्या गोष्टीत स्क्रू मी फिरवते, आणि तुम्ही मागून नको नको म्हणता. तुमचं नाव राखायला असं करते, अशी इतकी वर्षं माझी समजूत होती. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून लिहून टाकते, तात्या: खरं कारण एवढंच, की तुम्ही चुकला होतात, हे मला माझ्याच तोंडून ऐकवत नाही.