पिवळ्या हेल्मेटवाला

बाबा, काल शनिवार होता आणि मी स्वीडनच्या आइस हॉकी लीगचा सामना लावून बसले होते. तुमच्या साहेबांच्या गावची टीम यंदाही तळाला आहे. आणखी घसरली तर लीगमधूनच बाहेर. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय गो, आपले लोक परत गाळात?" खेळ मला अजून धड कळत नाही. ती रबराची चकती कुठे गेली ते तर कधीच दिसत नाही. पण पिवळं हेल्मेट बर्फावर आलं की मी सावरून बसते.

मी नववीत होते. दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर मस्कतला आलो होतो. तुम्ही तिथल्या गाला भागातल्या यार्डात रिगर, डोक्यावर लेबरचं पिवळं हेल्मेट. क्रेनच्या हुकाला माल बांधायचा आणि हाताच्या खुणा करून तो अलगद उतरवून घ्यायचा, हे तुमचं काम. यार्डाचे स्वीडिश साहेब तुम्हाला फोरमन करायला बसले होते. फोरमनला फॅमिली व्हिसा मिळत होता, म्हणजे आम्ही दोघी कायमच्या तुमच्याजवळ राहू शकलो असतो. आणि तुम्ही मात्र टाळत होतात. "फोरमनचं पांढरं हेल्मेट चढवलं की पोरं आपल्याशी बोलायची बंद होतात," हे तुमचं ठरलेलं. मग, "इन्शाल्ला, पुढल्या वर्षी बघू." आई भांडी आपटत म्हणायची, "तुमचं इन्शाल्ला म्हणजे नाहीच!" आमच्या परतीचा दिवस जवळ येत होता. लहानपणापासून तुम्ही मला वर्षातून एकदा, महिनाभर भेटायचात. मला आता ते नको होतं.

साहेब मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात एकटेच राहायचे. तुम्ही त्यांच्या गच्चीवरची टीव्हीची डिश सरळ करून दिलीत, तेव्हापासून सामना बघायला आपल्याला बोलावणं असायचं. ओमानात आठवड्याची सुट्टी नुकतीच गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली होती, त्यामुळे साहेबांची शनिवार संध्याकाळ मोकळी असे. आई डब्यात घावन घेऊन यायची आणि आल्याआल्या त्यांच्या स्वयंपाकघराचा ताबा घ्यायची. तुमचं इंग्रजी यार्डापुरतं, म्हणून मधे दुभाषी मी. खेळाडू मिनिटभर पळून बाकावर जातात आणि दुसरे उड्या मारत येतात, हे बघून तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "एवढीच शिफ्ट? साहेब, हमारा लडका लोग को मत बताना."

त्या शनिवारी एका पिवळ्या हेल्मेटवाल्याला दोघांनी कडेच्या फळीवर दाणकन आपटलं. तुम्ही उठून उभे राहिलात. "अरे, त्या लेबरला कशाला मारतायत सगळे? एवढे पांढरेवाले फिरतायत, त्यांना कोण हात लावत नाय!" मी हसू दाबत ते साहेबांना सांगितलं. ते इतके हसले की कॉफी पँटवर सांडली. मग त्यांनी समजावलं, मी एकेक वाक्य मराठीत आणत गेले. तो लेबर नाही, बाबा. प्रत्येक टीममध्ये ज्याचे गुण सगळ्यात जास्त, त्याला ते सोनेरी हेल्मेट. गोल करणाऱ्याला गुण, आणि पास देणाऱ्यालाही तेवढाच. उद्या दुसरा पुढे गेला की हेल्मेट त्याच्याकडे. आणि ज्याच्याकडे येईल त्याला नको म्हणता येत नाही. टीमने दिलं की घालायचंच, मार पडला तरी.

तुम्ही खाली बसलात. बराच वेळ घावन तसंच हातात होतं. परतताना गाडीत तुम्ही विचारलं, "नको म्हणायचंच नाय? कोणीच?" मी म्हणाले, "नाही बाबा. नियमच आहे."

त्याच आठवड्यात तुम्ही साहेबांना हो सांगितलंत. पांढरं हेल्मेट घातलंत, आणि पोरं काही बोलायची बंद झाली नाहीत, उलट आता रजेसाठी घरापर्यंत यायला लागली. आम्ही राहिलो. मला रोज सकाळी तुमच्या गाडीतून शाळेत जायला मिळालं, गणित चुकलं म्हणून तुमच्या शिव्या खायला मिळाल्या, आणि आई तुमच्यावर समोरासमोर चिडू शकली. तुम्ही फार लवकर गेलात, पण तोवरची ती वर्षं भरलेली होती. मी सुखी मुलगी होते बाबा, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता दुसरंही सांगते. नको म्हणता येत नाही, असं साहेब बोललेच नव्हते. ते वाक्य माझं होतं. मला तुमच्याजवळ राहायचं होतं, एवढंच. पुढे एकदा तुम्ही मोठ्या तोऱ्यात खुद्द साहेबांनाच ऐकवलंत, "युअर रूल, साहेब, नो सेइंग नो!" साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "यस, यस. व्हेरी स्ट्रिक्ट रूल."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. फक्त आईच्या हाती लागू द्यायचं नाही. घरी कुणी पाहुणा आला की ती अजून त्याला चहा देते आणि तुमच्या फोटोकडे बघत तो नियम सांगते.